सहा सारखे अन् एक येगळा

"सातच्या सात सारखे हायत, वहिनी. मोजून घ्या."

"तेच सांगायलेय मी, सोमनाथ भावजी. सात सारखे चालत न्हाईत. सहा सारखे पायजेत अन् एक येगळा."

"कावून? सातवी काय सावत्र हाय का?"

लिंबाखाली बसलेल्या पोरी फिदीफिदी हसल्या. शिवकन्या हसली नाही. तिच्या हातात टी-शर्टांचा गठ्ठा होता. डाळिंबी रंगाचे, पोटापासून गळ्यापर्यंत विजयसिंह भैय्यासाहेबांचा हात जोडलेला फोटो, खाली वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि पाठीवर छापील आकडा. तेलगावच्या अलीकडच्या या गावात शाळेच्या मैदानावर भैय्यासाहेब चषक चालला होता, मुलींचा व्हॉलीबॉल. गावच्या पोरींनी सकाळची मॅच आपल्या जुन्या निळ्या कपड्यांत जिंकली होती. आता फायनल होती, भैय्या येणार होते, फोटोवाला येणार होता. म्हणून भैय्याचा कार्यकर्ता सोमनाथ हे शर्ट घेऊन आला होता.

"भावजी, ध्यान देऊन ऐका," ती म्हणाली. "एका टायमाला मैदानात सहा पोरी. सातवी ती लिबेरो. तिनं मागंच खेळायचं, आलेला चेंडू उचलायचा. सर्व्हिस करायची न्हाई, जाळीजवळ ब्लॉकला उडायचं न्हाई, जाळीच्या वरून हाणायचं न्हाई. पण मागच्या रांगंतल्या पोरीच्या जागी ती पंचाला न इचारता आत-बाहीर करू शकती. ती कोन्ती हे पंचाला लांबून दिसाया पायजे, म्हणून तिचा शर्ट येगळ्या रंगाचा. ह्यो नियम हाय. मव्हा न्हाई, खेळाचा."

"कोन्ता रंग मंग?"

"कोन्ता बी."

"कोन्ता बी कसा, वहिनी?" सोमनाथनं आवाज खाली आणला. "सकाळी ती पिवळ्यात खेळली. भैय्याला तीन फोन गेले. पिवळा म्हंजी पलीकडची पार्टी. अन् पोरगी कोणाची, तर बिभीषण मेंढक्याची. त्यो कोणाकडून फिरलता निवडणुकीत, तुमाला काय मालूम न्हाई?"

"त्यो पिवळा तिच्या बापाचा शर्ट हाय. दुसरा नव्हता म्हणून घातला."

"मंग हिरवा म्हणताल, त्यो बी कोणाचा तरी निघंल. निळा म्हणताल, त्यो बी. रंगाचं लई वाईट झालंय आता. सातीजणींनी भैय्याचे घाला, कुनाचा सवालच न्हाई." एवढं बोलून तो मांडव बघायला गेला.

शिवकन्येला राग पटकन येतो आणि सावकाश जातो. हे सासरच्या माणसांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तिचं माहेर गेवराईकडचं, हमरस्त्याला लागून. शाळेत ती लिफ्टर होती, म्हणजे हाणणारीला चेंडू उचलून देणारी. अकरावीत विभागाच्या संघात नाव आलं आणि त्याच आठवड्यात पाहुणे बघायला आले. उजव्या हाताचं मधलं बोट चेंडू लागून सुजलेलं, पट्टी बांधलेली. होणाऱ्या चुलतसासूनं पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "पोरीचं बोट वाकडं हाय का?" बोटाचा खुलासा करण्यात घरच्यांचा अर्धा तास गेला. खेळाचं कोणी विचारलंच नाही. बोट पुढं खरंच वाकडं बसलं. संघ संभाजीनगरला गेला त्या दिवशी हिच्या अंगाला हळद होती. यात रडण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नाही. चिडण्यासारखं आहे, आणि ती अठरा वर्षं झाली चिडलेलीच आहे.

नवरा शिवशंकर भला माणूस, ट्रॅक्टरवर असतो, बोलत नाही. तीन म्हशी, दीड एकर कापूस आणि सासू छबुबाई हे सगळं शिवकन्येकडं. दोन वर्षांपूर्वी शाळेमागच्या मैदानात वेडी बाभूळ माजली होती. ती काढून द्या म्हणून ग्रामपंचायतीत गेली तर एक मेंबर म्हणाला, "पोरींनी उड्या मारून गावाचं काय भलं व्हायचं हाय?" शिवकन्या तशीच उठली. घरी आली, कुऱ्हाड घेतली आणि चार दिवसांत बाभूळ तोडली. गोदावरीकाठच्या भोयाकडून जुनं मासे धरायचं जाळं आणलं, वरून-खालून सुतळी ओवली, दोन बल्ल्यांना बांधलं. चुन्याऐवजी राखेनं रेषा मारल्या. रोज सकाळी धारा काढून झाल्या की पोरी.

"सुरवातीला चेंडूला हात लावायचा न्हाई," ती सांगायची. "आधी बसायला शिका. धारंला बसता तसं, पण बूड टेकवायचं न्हाई." गुडघे वाकवून पोरी पंधरा पंधरा मिनिटं उभ्या. मग दोन्ही हात जोडून पुढं, कोपर ताठ. "मनगटाच्या वरच्या सपाटीवर चेंडू घ्यायचा. हात वर झटकायचे न्हाईत, गुडघ्यानं उचलायचं. पाहुण्याला पाटावर बसवतात तसा चेंडू बसवा, फेकू नगा." लिफ्टसाठी दहा बोटं कपाळावर, जशी डोक्यावरची घागर उतरवायची. चेंडू बोटांत थांबला की तिची शिट्टी, कारण धरलेला चेंडू म्हणजे चूक. तीन स्पर्शांत पलीकडं गेला पाहिजे. एकीनं लागोपाठ दोनदा लावायचा नाही. जाळीला अंग लागलं की पॉइंट गेला. सर्व्हिस आपल्याकडं आली की सगळ्यांनी घड्याळाच्या काट्यासारखं एक घर सरकायचं. या सरकण्यावरच पोरींचं घोडं महिनाभर अडलं होतं. छबुबाई बांधावर बसून बघायची आणि म्हणायची, "म्हशी धुवायच्या टायमाला पोरी धुवायली आमची सून."

आणि या सरकण्यावरच सायलीचं घोडं कायमचं अडलं. बिभीषणची पोरगी, चौदाची, उंची जेमतेम शेळीच्या शिंगाइतकी, असं छबुबाई म्हणायची. सरकत सरकत ती जाळीजवळ आली की समोरच्या पोरी तिच्या डोक्यावरून हाणायच्या. पण मागं असली तर चेंडू जमिनीला लागूच द्यायची नाही. कळपाचं तोंड कुठं वळणार हे बापामागं फिरताना तिला आधीच कळायचं, तसंच हाणणारीच्या खांद्यावरून चेंडूचं कळायचं. शिवकन्येनं तिला लिबेरो केलं. संघात तिला बसेल अशी हीच एक जागा होती. तो शर्ट गेला की जागा गेली.

म्हणून सोमनाथची पाठ वळल्यावर शिवकन्येनं गठ्ठ्यातला एक शर्ट उचलून बाहीतून बघितला. छपाईचं कापड. बाहेरून डाळिंबी, आतून पांढरं फट्ट.

"सायले, उलटा घाल."

"काकी, भैय्या आतमधी जातेत की."

"जाऊ दे. आत सावली हाय."

साउंडवाल्याकडून काळी चिकटपट्टी आणून तिनं पाठीवर आणि छातीवर सातचा आकडा चिकटवला. पंच बाहेरगावचे शिक्षक होते. त्यांनी शर्ट बघितला, आकडा बघितला, वहीत लिबेरो म्हणून लिहिलं आणि म्हणाले, "रंग वेगळा आहे. बास."

पहिला सेट पोरींनी पंचवीस एकोणीसनं घेतला. समोरच्या, गेवराईकडच्या संघात एक उंच पोरगी होती, ती हाणायची तेव्हा मांडवातली माणसं मान मागं घ्यायची. सायली खाली घुसून तो चेंडू काढायची आणि तो बरोबर लिफ्टरच्या डोक्यावर जायचा. मेंढरं बांधावर सोडून आलेला बिभीषण मैदानाच्या कडेला उकिडवा बसला होता आणि प्रत्येक चेंडूला नुसतं "हं" म्हणत होता.

दुसऱ्या सेटला अकरा-नऊवर भैय्यांची गाडी आली. ते व्यासपीठावर बसले, फोटोवाल्यानं कॅमेरा लावला आणि सोमनाथचं लक्ष गेलं. त्यानं माईक घेतला.

"थांबवा बे मॅच. सात नंबरनं भैय्यासाहेबांचा अपमान केलेला हाय. फोटो उलटा घातलाय."

पंचांनी शिट्टी वाजवली. शिवकन्या व्यासपीठापाशी गेली, डोक्यावरचा पदर न सावरताच.

"ताई," भैय्या गोड आवाजात म्हणाले, "आपण एवढ्या प्रेमानं शर्ट दिले. लेकरांना कोणी शिकवलं हे?"

"मी शिकवलं, भैय्यासाहेब. लिबेरोला येगळा रंग लागतो. तुमीच सात सारखे पाठवले."

"मग आधी सांगायचं."

"सकाळधरनं सोमनाथ भावजीला सांगायलेय. तेनला रंगात माणसं दिसायलीत."

भैय्या हसले, पण डोळ्यांनी नाही. "त्या पोरीनं शर्ट सरळ घालावा, नाहीतर बाहेर बसावं. एवढंच माझं म्हणणं आहे. बाकी खेळ तुमचा."

शिवकन्या पंचांकडं वळली. ते वहीत बघत होते.

"सर, सांगा की तेनला."

"ताई, नियम तुमच्या बाजूनं आहे," पंच हळूच म्हणाले. "पण मांडव त्यांचा आहे."

एखाद्यानं नियम माहीत नाही म्हणावं, तिला राग येत नाही. ती बसून शिकवते. पण माहीत असून वहीत तोंड घालावं, याचा येतो. आपल्या अंगणात चेंडू आला तर आपलाच नियम, हे गावातल्या बारक्या पोरांचं चालतं. हा तर पन्नाशीचा माणूस, त्याच्या गळ्यात शिट्टी. आणि वर बसलेला माणूस शंभर माणसांसमोर चौदा वर्षांच्या पोरीच्या अंगावर आपलं तोंड शोधत होता. बापाला नडायचं धाडस नाही म्हणून पोरीचा शर्ट धरलेला.

ती परत आली तर पोरींची कुजबुज चालू होती. लिफ्टर रोहिणी पुढं झाली. "काकी, आमी बी सगळ्याजणी उलटे घालतो. बघू किती जणींला काढतेत."

"अक्कल गहाण ठेवलीस का?" शिवकन्या खेकसली. "सातीजणींनी उलटे घातले तर सात पांढरे झाले. पुन्हा सारखेच की."

रोहिणीचं तोंड पडलं. शिवकन्या तिच्याकडं बघत राहिली, मग सायलीकडं, मग व्यासपीठाकडं.

"थांब," ती म्हणाली. "काय म्हणले ते? त्या पोरीनं सरळ घालावा. एवढंच म्हणणं हाय म्हणले ना?"

"व्हय."

"सायले, तू सरळ घाल. बाकी सहाजणी उलटे घाला. पळा."

शाळेच्या खोलीतून पोरी बाहेर आल्या तेव्हा मांडवात आधी कोणाला उमगलंच नाही. सहा पांढऱ्या आणि मधी एक डाळिंबी. सगळ्या मैदानात भैय्यांचा फोटो एकाच अंगावर, आणि ते अंग बिभीषणच्या पोरीचं. साउंडवाल्याची काळी पट्टी सहा आकड्यांत संपली; सायलीचा छापील सात पुन्हा बाहेर आलाच होता. मांडवाच्या मागल्या बाजूनं कोणीतरी म्हातारा म्हणाला, "भैय्या बिभीषणच्या घरात गेले गड्या," आणि हशा पिकला.

शिवकन्या पंचांसमोर जाऊन उभी राहिली. "सर, सहा सारखे, एक येगळा. अन् भैय्यासाहेबांचा शब्द बी मोडला न्हाई. आता कोन्त्या पानावर अडलंय ते दाखवा."

पंचांनी वही मिटली. इतका वेळ खाली घातलेली त्यांची मान ताठ झाली. त्यांनी शिट्टी वाजवली आणि सर्व्हिसचा इशारा केला. सोमनाथनं भैय्यांकडं बघितलं. भैय्या फोनवर बोलत उठले, एका लग्नाला जायचंय म्हणत गाडीत बसले.

दुसरा सेट सोपा गेला नाही. त्या उंच पोरीनं सलग पाच पॉइंट ओढले. बावीस-बावीस झालं, तेवीस-तेवीस झालं. पोरी दमल्या की सरकायच्या चुकतात, म्हणून शिवकन्या बाहेरून नुसती बोटं फिरवत होती. शेवटचा चेंडू उंच पोरीनं अख्ख्या ताकदीनं कोपऱ्यात हाणला. सायली आडवी पडली, तिच्या मनगटावरून तो वर गेला, रोहिणीनं पाठ न वळवता उलटाच जाळीपलीकडं टाकला आणि तो तिथल्या रिकाम्या जागेत पडला. पंचवीस-तेवीस. बिभीषण उठला, धोतराची धूळ झटकली आणि मेंढरांकडं गेला. जाता जाता शिवकन्येला म्हणाला, "पोरगी लई पडती. कोपराला हळद लावाया सांगा."

माईकवर सोमनाथ सांगत होता, "बक्षीस वाटप भैय्यासाहेब लग्नाहून आल्यावर होईल. विजेत्या संघानं जागा सोडू नये."

"किती टाइम लागंल?" शिवकन्येनं विचारलं.

"काय सांगावं, वहिनी. तास, दोन तास. तुमीच तर घालवलं तेनला."

"मव्ह्या म्हशीला हे माईकवरून सांग. थांबली तर मी बी थांबते." आणि पोरींना म्हणाली, "ज्यांना फोटो काढायचा त्यांनी बसा. मी चालले."

घरी छबुबाई वैरण टाकून वाटच बघत होती.

"जिकल्या म्हणं."

"जिकल्या."

"मंग तोंड कावून असं?"

"नियम हाय तो हाय म्हणायला बी माणसाला एवढी कसरत करावी लागती, आत्या. पुस्तकात लिहिलेलं. मी काय मव्हं घरचं सांगत होते का?"

"हात जोडलेस का कुणाला?"

"न्हाई."

"बरं केलंस. आता रागात बसू नगं, म्हैस दूध चोरती. पारडू सोड आधी."

तिनं पारडू सोडलं. मैदानाकडून अजून माईक ऐकू येत होता, कोणीही जागा सोडू नये. म्हशीनं दोनदा पाय आपटला, शेपटी मारली. शिवकन्येनं तिला एक शिवी दिली, मग कास धुतली, गुडघ्यात बादली धरली आणि वाकडं बोट आत दुमडून सडाला हात घातला. डेअरीची गाडी सहाला येते. अजून दोन म्हशी बाकी होत्या.