मंदाकिनीचं पुढे काय झालं

हौसाला काजूच्या शेडमध्ये मान होता. तो काही तिच्या रूपाचा नव्हता आणि कामाचा तर नव्हताच. दिसायला ती चारचौघींसारखी, आणि बिया फोडायला चारचौघींहून मंद. मान होता तो सातवी पास असण्याचा. हातखंब्याच्या वाटेवरच्या त्या कारखान्यात बाकी एकीलाही धड वाचता येत नव्हतं. रत्नागिरीत तेव्हा घराघरांवर टीव्हीच्या काठ्या उभ्या राहत होत्या, पण ह्या बायकांच्या न वाचता येण्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही.

काजूची बी भट्टीतून येते ती काळीकुट्ट, तेलकट. दगडावर ठेवायची, लाकडी मोगरीचा एक ठोका द्यायचा, टरफल उकलून गर अख्खा काढायचा. टरफलातलं तेल लागलं की हाताची सालं निघतात, म्हणून बायका सारख्या राखेत हात घोळतात. श्रावणात शेडमध्ये पोथी वाचायची, तर असल्या हातांनी तिला शिवायचं कसं? तेव्हा श्रावणापुरती एक रीत पडली होती. जी वाचील तिने हात धुऊन बसायचं, बी फोडायची नाही, आणि संध्याकाळी गर वजनाला जायच्या आधी प्रत्येकीने आपल्यातली मूठभर तिच्या घमेल्यात टाकायची. ऐकणारीला पुण्य, वाचणारीची मजुरी शाबूत. मुकादम सखाराम तिकडे काणाडोळा करी, कारण वाचन चालू असलं की बायकांची तोंडं बंद असत आणि मोगऱ्या भराभर पडत.

श्रावण सरला, पोथी संपली, आणि शेड खायला उठली. दोन-चार दिवस कसेबसे गेल्यावर चिमा म्हणाली, "गो हौसा, दुसरा कायतरी आण की वाचायला. देवाचाच पायजे असा कुठं हाय?"

हौसाने आणलं ते देवाचं नव्हतंच.

बाजारपेठेत श्यामरावांचं वाचनालय होतं. पुढच्या कपाटात थोरांची चरित्रं, शाळेत बक्षीस द्यावीत अशी पुस्तकं. मागे पडद्याआड दुसरं कपाट. त्यातल्या कादंबऱ्या गावातल्या वकिलीणबाई नि मास्तरीणबाई वर्तमानपत्राचं कव्हर घालून नेत आणि तीर्थयात्रा करून आल्यासारखा चेहरा करून परत आणत. त्याच कपाटातली एक श्यामरावांनी हौसाच्या हातात ठेवली. "ही वाचून बघ. सोवळं काही नाही हं ह्यात."

सोवळं खरंच नव्हतं. घाटावरचा एक इनामदार, सर्जेराव. दारू, जुगार, कोर्टकचेऱ्या, सगळं करून चुकलेला. सख्ख्या भावाची बायको मंदाकिनी त्याच्या मनात भरते. तो भावाला विहिरीत ढकलतो आणि तिला माडीवर कोंडून ठेवतो. ती आधी थुंकते, मग रडते, आणि पुढे पुढे त्याच्या बुटांचा आवाज जिन्यावर वाजला नाही की तिला झोप येत नाही.

पहिल्या दिवशी बायकांनी कानाला हात लावले. "मेल्यानं सख्ख्या भावाला मारलान गो!" चिमा म्हणाली.

म्हातारी यमुनाबाई शेडमधली सगळ्यांत वडील. तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. तिने मोगरी खाली ठेवली. "मारलान तर मारलान," ती म्हणाली. "पण तिच्यापायी मारलान ना? तू वाच गो फुडं."

झालं. यमुनाबाईने पास केल्यावर सर्जेराव शेडमध्ये राहायलाच आला. बायका त्याला शिव्या घालत आणि त्याच्याच वाटेकडे डोळे लावून बसत. ह्यांच्या घोवांनी ह्यांच्यासाठी कधी कुडाचा एक वासा बदलला नव्हता. ते गणपतीला यायचे, शिमग्याला यायचे, भात झाला काय म्हणून विचारायचे आणि जायचे. चांगली माणसं होती हो, नावं ठेवायला जागा नाही! पण वाईट माणसाचं एक बरं असतं. त्याला तुम्ही हव्या असता आणि तो तसं बोलून दाखवतो. ह्या बायकांना आयुष्यात कुणी 'तू मला हवीस' म्हटलं नव्हतं. ते ऐकायला मिळत असेल तर एक खून त्यांनी आनंदाने पदरात घेतला.

हौसाचा नवरा गंगाराम लोट्याला केमिकलच्या कंपनीत. पाळ्या सांभाळून महिन्या-दीड महिन्याने यायचा. लोट्याला त्याने कुणी ठेवली आहे हे शेडला ठाऊक होतं, हौसालाही ठाऊक होतं. पुरुष माणूस, लांब राहतो, चालायचंच, असं म्हणून त्या विषयावर सगळ्यांनी राख टाकली होती.

पुस्तकाची मुदत वाढवून घ्यायला गेली की श्यामराव तिला विचारत, "काय, तुला काय वाटतं? मंदाकिनीचं चुकलं का?" तुला काय वाटतं! हौसाला हा प्रश्न जन्मात कुणी केला नव्हता. ती उत्तर द्यायला थांबू लागली. श्यामरावांना बायको होती, दोन मुली होत्या, आणि आवाज असा मऊ की ऐकणारीने बसून घ्यावं. एक दिवस ते म्हणाले, "मंडणगडला माझ्या मावसभावाची खोली रिकामी आहे. येतेस? पुढचं पुढे बघू." हौसाला जिन्यावर बूट वाजल्यासारखं झालं. तिने दोन लुगडी बांधली, अर्धी राहिलेली कादंबरी पिशवीत टाकली आणि ती एसटीत बसली. चूक केली, आणि चूक आहे हे कळून केली. तिची कीव करायची तर एवढं धरून करावी.

दोन दिवस सुखाचे गेले. तिसऱ्या सकाळी श्यामरावांचा मेहुणा दारात येऊन उभा राहिला. तो ओरडला नाही, त्याने हात उगारला नाही. "भावोजी, चला, गाडी लागली आहे," एवढंच म्हणाला. सर्जेरावाने भावाचा जीव घेतला होता. श्यामरावांना मेहुण्यापुढे वहाणा उलट्यासुलट्या घालण्यापलीकडे काही सुचलं नाही. दारातून जाताना हौसाकडे न बघता ते म्हणाले, "तू मागच्या एसटीने ये." हौसा समजून चुकली. वाईटपणा निभावून न्यायलाही छाती लागते, आणि ती असली माणसं पुस्तकातच भेटतात.

रिकाम्या खोलीत बसून तिने उरलेली कादंबरी वाचून काढली. शेवट गोड होता. सर्जेराव मंदाकिनीला घेऊन दूर मुलखात जातो, आणि वर्षांनी घरचीच माणसं येऊन दोघांना मानाने परत नेतात.

आता जायचं कुठे? लांज्याला भाऊ होता. त्याने चार शिव्या दिल्या असत्या आणि पडवीत जागाही दिली असती. पण हौसाला भाऊ आठवला नाही, शेड आठवली. मंदाकिनीसाठी ज्यांच्या डोळ्यांना खळ नव्हता त्या बायका. त्यांना काही समजावून सांगावं लागणार नाही, सगळं त्यांना आधीच ठाऊक आहे, असं तिला वाटलं. घरी पिशवी टाकून, पुस्तक तेवढं घेऊन ती सरळ कामावर गेली. तिच्या साऱ्या आयुष्यातली मोठी चूक कुठली म्हणाल तर मंडणगडची नव्हे, ही.

ती आत आली तशा मोगऱ्या थांबल्या. ती आपल्या जागेवर बसायला गेली, तर शेजारणीने पाट ओढून घेतला.

"उठ हितनं," यमुनाबाई म्हणाली.

"यमुनाबाय, माझा ऐकून तरी घ्या..."

"काय ऐकायचा? दुसरीचा संसार मोडायला गेलीस ती. आमच्या घरात लेकीसुना हायत."

हौसाने एकेकीकडे पाहिलं. चिमाने मान खाली घातली. ह्याच बायकांनी मंदाकिनी माडीची कडी आतून लावते तेव्हा सुटकेचा सुस्कारा टाकला होता. हौसाला हसू आलं.

सखारामाने मधला मार्ग काढला. काम पाहिजे तर भट्टीच्या तोंडाशी बस, म्हणाला. तिथे धूर डोळ्यांत जातो म्हणून कुणी बसत नसे. हौसा बसली. गंगारामाने लोट्याहून निरोप धाडला की आता मी येणार नाही. तसाही तो कुठे येत होता? ते दुःख तिने एका संध्याकाळीत उरकलं. शेडचं उरकेना. आपल्याला परत त्यांच्यात बसू देतील की नाही, एवढी एकच गोष्ट तिच्या डोक्यात दिवसभर ठोके देत राहिली. तिचे हात आता सगळ्यांसारखे काळे झाले होते, तरी ती सगळ्यांतली झाली नव्हती.

आणि शेडमध्ये वाचायला कुणी नव्हतं. बायका भांडू लागल्या, गर तुटू लागले. शेवटी एक दिवस पाण्याच्या पिंपाशी चिमा तिच्याजवळ येऊन, पण दोन हात अंतर राखून, उभी राहिली.

"गो हौसा. त्या मंदाकिनीचा फुडं काय झाला?"

हौसाच्या जिवात जीव आला. "वाचून दाखवतंय की. मना तुमच्यात बसू देत. मूठ नको मना कुणाची."

चिमा गेली. तिकडे डोकी एकत्र आली. चिमा परत आली ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत. "यमुनाबाय म्हणते, हिकडं यायचा काम नाय. तिथनंच वाच, म्हणते. जरा मोठ्यानं."

हौसाने हात राखेने घासले, धुतले, पदराला पुसले, आणि भट्टीच्या तोंडाशी बसून पुस्तक उघडलं. धुराने अक्षरं दिसत नव्हती. ती दिसायची गरजही नव्हती.

तिने वाचलं, की सर्जेराव ऐनवेळी कच खाऊन निघून गेला. मंदाकिनी एकटी परत आली. तिला वाटलं, वाड्यातल्या बायका आपल्याच आहेत, आपलं रडणं त्यांनी ऐकलेलं आहे. ती दारात उभी राहिली. बायकांनी तिचा पाट ओढून घेतला. जी थोरली होती, जिला ती आई म्हणत होती, ती म्हणाली, उठ इथून. तिला गोठ्याशेजारी बसवलं, लांबून हुकूम सोडले, आणि कुणी तिच्याशी तोंड भरून बोललं नाही. मंदाकिनी रोज वाट बघत होती, की आज तरी एखादी 'ये, बस' म्हणेल.

सगळ्या मोगऱ्या थांबल्या होत्या. आता कळेल, आता तरी कळेल, म्हणून हौसाने पुस्तकावरून डोळे वर केले.

बायका रडत होत्या. चिमा तर हुंदके देत होती. यमुनाबाईने राखेच्या हातानेच डोळे पुसले, तिचं तोंड काळं झालं.

"कसल्या गो त्या बायका!" ती कळवळून म्हणाली. "पाप लागंल रांडांना! माणसा म्हणायची काय त्यांना?"

"नाय तर काय," सगळ्या म्हणाल्या.

तेवढ्यात सुट्टीची घंटा झाली. बायका पदराने नाकं पुसत, मंदाकिनीबद्दल हळहळत उठल्या आणि भट्टीशेजारून जाताना, हौसाला लुगडं लागू नये म्हणून, त्यांनी आपापले ओचे सावरून घेतले.