हळूभाऊच्या गाडीचे बूट

तर चपला बाहेर आणि हळूभाऊ गाडीखाली, इथवर काल आलो होतो आणि मला जेवायची हाक आली. त्या चपला अजून तशाच आहेत असं समजा. गाडीच्या पुढच्या उजव्या चाकाशी, टाचा वर, खालून खणखण आवाज, आणि मधूनच एक शब्द : "दाब."

आता दाब कुणाला म्हणत होता? गाडीत कुणीच नव्हतं. हे सांगायचं तर थोडं मागे जायला हवं, आणि मागे जायला मला नुसतं निमित्त लागतं.

हळूभाऊचं आणि आमचं अंगण शेजारी शेजारी, मध्ये छातीइतकी भिंत. एकतीस वर्षं त्याने पाणीपुरवठा खात्याची गाडी चालवली. डोंगरावरच्या टाक्या, पंपघरं, जिथे रस्ता संपतो तिथून पुढे याचं काम सुरू. चारही चाकं ओढणारी गाडी, पण हा बैलगाडीसारखी हाकायचा. एकदा एक साहेब मागून सारखे म्हणायला लागले, "अहो, जरा लवकर, मीटिंग आहे." याने आरशात बघून सांगितलं, "लवकर पोचायचं तर साहेब, मघाशीच निघायला हवं होतं." तेव्हापासून खात्यात त्याचं नाव हळूभाऊ पडलं आणि निवृत्त झाल्यावर त्याच्याबरोबर घरी आलं. तसलीच एक जुनी गाडीही त्याने घरी आणली. त्याची मुलगी फोनवर म्हणाली होती, "बाबा, आता दोघं आरामात बसा की." हा म्हणाला, "बसतोच आहे. गाडीत."

त्या गाडीचे बूट फाटले होते. गाडीलाही बूट असतात हे मला साठीत कळलं. मी स्वतः पहिले बूट लग्नात घातले, ते चावले, आणि विषय तिथेच संपला. गाडीचे बूट वेगळे. इंजिनाकडून पुढच्या चाकाकडे एक दांडा जातो. चाक वळलं की त्या दांड्यालाही वळावं लागतं, म्हणून त्याला आपल्या गुडघ्यासारखा सांधा असतो. सांध्यावर रबराची घड्याघड्यांची टोपी, लोहाराच्या भात्यासारखी, आत ठासून ग्रीस. तो बूट. तो फाटला की ग्रीस बाहेर, माती आत, आणि वळणावर गाडी टकटक करायला लागते. सपाट रस्त्यावर चालून जातं. चढावर सांधा सुटला तर गाडी तिथेच बसते.

आणि हळूभाऊला शनिवारी चढच चढायचा होता.

वर, दगडाच्या खाणीच्याही पलीकडे, त्याची आकडसासू राहते. म्हणजे बायकोची थोरली बहीण, आक्का. चौऱ्याऐंशी वर्षांची, एकटी. तिच्या घरापर्यंतच्या वाटेवर दुसरं कुठलं वाहन चढत नाही. पोस्टमनसुद्धा खाणीवर पत्रं ठेवून परत फिरतो. महिन्याच्या पहिल्या शनिवारी हळूभाऊ तिच्याकडे जातो. पीठ, तेल, बॅटरीचे सेल, आणि रक्तदाबाच्या गोळ्या, मोजून महिनाभराच्या. ती बाई जिभेने तिखट. हा दारात पोचला की म्हणते, "या जावईबापू, मला वाटलं मेलात वाटेत." हा हसतो. दिवसभर बसतो, कौलं शाकारतो, संध्याकाळच्या आत खाली येतो.

गोळ्या शुक्रवारी संपणार. गॅरेजवाला म्हणाला, "सोमवारी बघू." सोमवारी बघू म्हणजे काय ते तुम्हालाही माहीत आहे. म्हणून हळूभाऊने दोन्ही बाजूंचे बूट आणले आणि गुरुवारी सकाळी घरीच काम काढलं.

हे काम त्याला नवीन नव्हतं. नवीन होतं ते एकट्याने करणं. चाकाच्या मधोमध एक मोठा नट असतो, तो इतका घट्ट की पान्हा लावून जोर केला तर नटाबरोबर चाकच फिरतं. म्हणून एकाने आत बसून ब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्याने खाली जोर करायचा. त्याच्या घरात हे वाटून घेतलेलं होतं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, ड्रायव्हरच्या जागेवर बसायच्या, ब्रेकवर पाय, मांडीवर परात आणि परातीत मटार. खालून हा म्हणायचा, "दाब." शेंग सोलता सोलता त्या दाबायच्या. "सोड." सोडायच्या. अख्खी दुपार या दोन शब्दांत जायची. आमच्या घरातून बायकोचा टोमणा यायचाच, "बघा, काहींचा संसार दोन शब्दांत होतो. तुम्हाला नुसतं पाणी मागायला पाऊण तास."

आणखी एक काम वहिनींचं होतं. सांधा दांड्यावर ठोकून बसवायच्या आधी बूट दांड्यावर चढवावा लागतो. मागाहून तो चढत नाही. तर हातोडी उचलली की वरून वहिनींचा आवाज यायचा, "टोपडं घातलं का बाळाला?" हा म्हणायचा, "घातलं." मग ठोकायचा. दर वेळी हेच, आणि दर वेळी मला भिंतीपलीकडे हसू यायचं. वहिनींना जाऊन दीड वर्ष झालं.

म्हणून गुरुवारी त्याने सीट आणि ब्रेक यांच्या मध्ये लाकडाची फळी अडकवली होती. पान्ह्यावर जोर आला की फळी सटकायची, धाडकन. मग बाहेर यायचं, कंबर धरून उभं राहायचं, फळी लावायची, पुन्हा खाली. आणि इतकं करून, सवयीने, तोंडातून जायचंच, "दाब." फळी कसली ऐकतेय.

चौथ्यांदा फळी पडली तेव्हा मी भिंतीवरून मान काढली. "हळूभाऊ, मी बसू का ब्रेकवर?"

"नको दादा. होतंय."

"मला काही काम नाही रे."

"होतंय, होतंय."

हे त्याचं ठरलेलं. ताप एकशे तीन असला तरी होतंय. वहिनी गेल्या त्या दिवशी मी विचारलं होतं, जेवलास का, तेव्हाही म्हणाला, "होतंय." मी मान आत घेतली. उजव्या बाजूला सूर्य मावळेपर्यंत वेळ लागला, पण झाली. ग्रीसने कोपरापर्यंत काळा झालेला तो पायरीवर बसून एकटाच चहा पीत होता. कप दोन बोटांत धरलेला, कपाला डाग लागू नये म्हणून. डाग बघणारं घरात कुणी नव्हतं.

शुक्रवारी डावी बाजू. या वेळी फळीला त्याने खिळा मारून गोणपाट गुंडाळलं होतं, त्यामुळे नट लवकर सुटला. जॅक लावला, खाली ठोकळे सरकवले, चाक काढलं, दांडा बाहेर आला. सांध्याची जुनी पकड आधीच ढिली, दांडा गुडघ्यांत धरून दोन ठोक्यांत सांधा निघाला. रॉकेलने धुतला, पुसला, नवं ग्रीस भरलं. सांधा दांड्यावर धरून बसत नाही म्हणून त्याच्या आत तारेचं एक बारीक गोल लॉक असतं. ते नवं घातलं, सांधा लावला, हातोडी उचलली. मी भिंतीशी उभा राहून हे सगळं बघत होतो, दाढी करायची सोडून.

ठण, ठण, आणि टक. लॉक बसलं. त्या टकचा आवाज फार गोड असतो.

हळूभाऊने कपाळ पुसलं आणि नव्या बुटासाठी हात लांब केला. बूट शेजारीच वर्तमानपत्रावर होता, पिशवीत, गाठ मारलेला. काखेत कळसा म्हणतात तो असा.

तो ओरडला नाही, हातोडी फेकली नाही. पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिला. इतक्या वर्षांत ही चूक त्याच्याकडून झाली नव्हती, कारण विचारणारं माणूस दर वेळी वर बसलेलं होतं.

मग तो सांधा परत काढायला लागला. पण आता लॉक नवं, पकड घट्ट. गुडघ्यांत धरलेला दांडा प्रत्येक ठोक्याला निसटायचा. एकदा नडगीवर बसला. दुसऱ्यांदा घरंगळत पार नळापर्यंत गेला. ऊन डोक्यावर आलं. मी तोंडाला फेस तसाच ठेवून उभा, पण बोललो नाही. आदल्या दिवशी दोनदा "होतंय" ऐकलं होतं.

थोड्या वेळाने तो उठला आणि भिंतीपाशी आला. माझ्याकडे न बघता, भिंतीवरच्या मुंग्यांकडे बघत म्हणाला, "दादा, दाढी राहिली का?"

"राहू दे. उद्याही वाढणारच आहे."

"मग जरा... दांडा धरायला."

मला काय, आनंदच. सरळ फाटकातून जायचं सोडून अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी भिंतीवरून जायचं मनात आणलं, आणि आमच्या घरातून आवाज आला, "पाय मोडला तर बूट मिळत नाहीत हो दुकानात." फाटकातून गेलो.

दांडा मी दोन्ही हातांनी ठोकळ्यावर दाबून धरला. चार ठोके, पाचव्याला सांधा सुटला. लॉक वाकलं होतं, पण बुटाच्या पुडीत दोन होती. बरबटलेलं ग्रीस पुन्हा पुसलं, नवं पुरवून पुरवून भरलं. त्याने बूट दांड्यावर चढवला. मग सांधा. मग हातोडी उचलली आणि थांबला. कशासाठी थांबला ते मला कळलं. वहिनींचं ते वाक्य माझ्या ओठावर आलं होतं, पण ते माझं नव्हतं. मी गिळलं. त्याने एकदा बुटाला हात लावून बघितलं आणि ठोकलं.

बुटाच्या पट्ट्या आवळल्या, दांडा आत गेला, चाक चढलं, जॅक उतरला. शेवटी नट आवळायचा होता. फळी हातात घेऊन तो एक क्षण उभा राहिला, मग ती भिंतीला टेकवून ठेवली आणि गाडीचं दार उघडलं. मी वर चढून बसलो. सीटला एका बाजूने खळगा पडलेला होता, हळूभाऊपेक्षा लहान माणसाचा. खालून आवाज आला, "दाब." मी दाबला. "सोड." सोडला. तेवढा वेळ मी एक शब्द बोललो नाही. घरी कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

शनिवारी पहाटे गाडी गेली, गोळ्या घेऊन. अंधार पडायच्या आत आलीही. मी फाटकाशीच होतो. चढावर कसलाच आवाज झाला नाही म्हणाला. आक्काला गोळ्या पोचल्या, तिने दोन शिव्याही घातल्या, म्हणजे तब्येत चांगली आहे. मग मी विचारलं, जे मला कित्येक महिने विचारायचं होतं. "ती तिथे एकटी, तू इथे एकटा. दोन खोल्या रिकाम्या आहेत तुझ्या. खाली घेऊन का येत नाहीस तिला?"

त्याने गाडीला कुलूप लावलं, ओढून बघितलं. मग त्याच्या मानाने बरंच लांबलचक बोलला.

"मागच्या वर्षी ती तयार झाली होती दादा. ट्रंक भरून बसली होती. मीच म्हटलं, वाट खराब आहे आक्का, पुढच्या महिन्यात बघू. ती खाली आली, तर मग मी जाऊ कुठे?"