विनोदिनीबाईंचं डिपॉझिट

उज्जैनच्या सिंहस्थाला महिना उरला आणि भय्यासाहेबांना एकाएकी भाडेकरूंचा कंटाळा आला. ब्याण्णव सालची ही गोष्ट. देवास गेटजवळच्या त्यांच्या दोन खोल्यांत अकरा वर्षं राहिलेल्या विनोदिनीबाईंना त्यांनी गोडीगुलाबीनं उठवलं, कारण यात्रेकरू चार दिवसांत महिन्याचं भाडं देऊन जातात. बाई शाळेत गणित शिकवायच्या, हिशेब त्यांनाही कळत होता. कुरकुर न करता त्यांनी फ्रीगंजला बिऱ्हाड हलवलं. तिथल्या मालकानं मात्र बजावलं होतं, महिनाअखेर डिपॉझिट आलं नाही तर खोली दुसऱ्याला.

जुनं डिपॉझिट मागायला त्या गेल्या, तर भय्यासाहेब म्हणाले, "पैसे तुमच्या यजमानांनी, प्रभाकररावांनी दिले होते. ते तर आता राहिले नाहीत. तुमच्या दिरांना पाठवून द्या, त्यांच्या हाती देऊन टाकतो. लेडीज लोकांशी लेनदेन बरी नाही वाटत."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. दिराच्या हाती गेलेला पैसा पुन्हा दिसत नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. आणि नवरा गेल्यापासून दोन वर्षं दर महिन्याचं भाडं बाईंच्याच हातून घेताना भय्यासाहेबांना कधी संकोच वाटला नव्हता.

पण बाई भांडल्या नाहीत. त्यांची तुळस अजून त्या अंगणातच होती, आणि तुळशीला पाणी घालायला आलेल्या बाईला दारातून परत पाठवायची हिंमत उज्जैनात कोण करणार? रोज सकाळी, नेमकी यात्रेकरूंची खोल्या बघायची वेळ साधून, बाई तांब्या घेऊन हजर व्हायच्या. पाणी घालायच्या, सावकाश प्रदक्षिणा घालायच्या, मग सगळ्यांदेखत, पाहुण्यांना कळावं म्हणून हिंदीत, अगदी गोड आवाजात विचारायच्या, "भय्यासाहेब, मेरा डिपॉझिट आज मिल जाएगा क्या?"

चौथ्या दिवशी कोट्याच्या एका शेटजींनी ॲडव्हान्ससाठी बाहेर काढलेलं पाकीट पुन्हा खिशात ठेवलं. भय्यासाहेब तडक आत गेले आणि नोटा घेऊन आले.

"घ्या बाई. पण दिरांना सांगून द्याल."

"त्यांचा काय संबंध?" म्हणत बाईंनी नोटा मोजल्या आणि पर्समध्ये टाकल्या.

तिथून टेम्पोनं त्या थेट फ्रीगंजला आल्या. नव्या मालकानं पैसे घेतले, पावतीपुस्तक उघडलं.

"किसके नाम से लिखूँ, बहनजी? घर में कोई जेंट्स?"

"मेरे नाम से लिखिए," बाई म्हणाल्या. "और नीचे ये भी लिख दीजिए, वापसी मेरे ही हाथ में होगी."