खळ्यात वळणारी बस

कोलशेतच्या खाडीकडं उतरलात की टॉवर मागं पडतात आणि आमचा पाडा लागतो. पाड्याच्या शेवटाला सगुणाबयचं घर, घरापुढं तिचं खळं आणि खळ्यापलीकडं नुसती कांदळाची झाडी. ठाणे स्टेशनावरून निघालेली बस या खळ्यात येते, गोल वळते आणि परत स्टेशनाचा रस्ता धरते. स्टॉपच्या पाटीवर पाड्याचं नाव आहे. पण आजवरचा एकही कंडक्टर ते नाव घेत नाही. "चला, सगुणाबयचं खळं, उतरा," एवढंच म्हणतात.

खळं म्हणजे भात झोडायची, मळायची जागा. आमच्या बोलीत खला. गाडीला आम्ही गारी म्हणतो. टॉवरमधली पोरं ऐकून हसतात. हसू देत. त्यांचे टॉवर ज्या जमिनीवर उभे आहेत ती खला म्हणणाऱ्यांचीच होती.

सगुणाबय लग्न होऊन पाड्यात आली तेव्हा इथं रस्ता नव्हता, शेताचे बांध होते. भेंडी, वाल, शेवग्याच्या शेंगा पाटीत भरून ती पहाटे चालत ठाण्याच्या मंडईत जायची आणि उन्हं चढल्यावर चालत परत यायची. "लग्नान मी चांगली उंच होती," ती सांगते. "पाटीनी दाबून बुटकी केली."

मग डांबर आलं आणि डांबरावरून बस आली. पण पाड्यात वळायला जागा नव्हती. परशुराम नावाचा ड्रायव्हर होता, तो नाक्यापासून उलटी गाडी घेत आत यायचा. एकदा मागचं चाक खाजणातल्या चिखलात रुतलं. दुसऱ्या दिवसापासून बस नाक्यावरूनच माघारी जायला लागली. सगुणाबय पाटी घेऊन नाक्यावर गेली आणि बसच्या तोंडापुढं उभी राहिली.

"उद्या आत ये. माजे खल्यान फिरव."

"आणि तुझा नवरा काय म्हणेल?"

"तो काय म्हनल? पाटी त्याचे डोक्यावर नाय."

नवऱ्याला, काळुरामदादाला, ही गोष्ट कळली तेव्हा बस त्याच्या खळ्यात वळत होती. तो भला माणूस. त्यानं कोंबड्या तेवढ्या आत घेतल्या.

त्या सालच्या कापणीला खळ्यात भात पसरलेलं आणि बस दारात आलेली. परशुराम थांबला. सगुणाबय म्हणाली, "थांबू नको, वरतून ने." बसनं मळणी केली. पुढं कित्येक वर्षं ती तशीच होत राहिली. बैलाच्या तोंडाला मुसकी बांधायला लागायची, हिला तेही लागत नाही, असं म्हातारी माणसं म्हणायची.

आता भात नाही, काळुरामदादा नाही. मुलगा दिपेश, त्याच्या दारात दोन मोटारी. पाड्यातले पुरुष बसमध्ये बसायचे बंद झाले. बसतात त्या मासळीच्या बायका, वॉचमन, शाळेची पोरं, इस्पितळात कामाला जाणाऱ्या पोरी. आमच्या पाड्यातल्या लेकी शिकल्या त्या या बसनं. बापांनी शिकवलं असं बाप सांगतात, पण बस नसती तर किती बापांनी पोरी नाक्यापर्यंत चालत धाडल्या असत्या ते मला माहीत आहे. सगुणाबय अजून शेंगांची पिशवी घेऊन बसनं बाजारात जाते. पोटासाठी नाही, बोलायला माणसं मिळतात म्हणून.

औंदाच्या वैशाखात दिपेशच्या मुलीचं, कल्पिताचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी मांडवाची मेढ रोवायचा मान मामाचा. भगवानमामा भिवंडीकडून उंबराची फांदी घेऊन आला आणि त्यानं ती खळ्याच्या अगदी मधोमध पुरली. सवाष्णींनी पूजा केली. सगुणाबय विधवा, म्हणून मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसलेली. तिनं पाहिलं नाही. बाकीच्यांनी पाहिलं, पण बस कुणाच्या ध्यानातच आली नाही. श्वास जसा ध्यानात येत नाही तशी.

भर दुपारी बसला फेरी नसते, तेवढ्या वेळात मेढीभोवती मांडववाल्यानं लोखंडी पाइप उभे केले, झालरी लावल्या, स्टेज ठोकलं. दुपार कलताना बस आली आणि तिचं नाक स्टेजला लागता लागता राहिलं.

ड्रायव्हर तानाजी साताऱ्याकडचा. तो खाली उतरला. "आवं दिपेशशेठ, गाडी वळवू कुठं?"

"दोन दिवस नाक्यावरून फिरव रे. लग्न आहे घरात."

"फिरवतो की. माझं काय जातंय? पन पलीकडच्या पाड्यात बी दोनच दिवस म्हनले व्हते. मोकळ्या जागंत लोकांनी मोटारी लावल्या. आज तिथं स्टॉपची पाटी हाय, गाडी न्हाई."

मेढ हलवा असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. एकदा पुरली की लग्न लागून देव उठेपर्यंत तिला हात लावत नाहीत. बसमधली माणसं मुकाट पिशव्या घेऊन उतरली. उद्यापासून नाक्यापर्यंत चालायचं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

तेवढ्यात सगुणाबय सूप घेऊन पुढं आली. तिनं बस पाहिली, मग मेढ पाहिली.

"मेढ कुनी लावली?"

"मी लावली, बय," भगवानमामा म्हणाला. "मधोमध. शोभा पाहिजे ना."

"तुमचेकरं खले होते का नाय?"

"होते ना."

"बैल बांधाचा तिवडा कया असतो?"

"मधी."

"आनी बैल?"

"भोवती फिरतात."

"मग गारीला काय पंख हायेत? भोवती फिरल. मेढ राहू दे. बाकीचा सगला काढा."

दिपेश पुढं झाला. "आये, स्टेज काढाचा? पाव्हने काय बोलतील?"

"पाव्हने येतील कशानी?"

"आपापल्या गारीनी."

"ज्यांचेकरं नाय ते?"

"त्यांचा काय ते बघू."

"माजे डोक्यावरची पाटी या बसनी उतरवली," सगुणाबय म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुजे बापासनी नाय उतरवली, तू पन नाय. तिला फिराला जागा नसल तर मना पन या घरान नको." आणि ती सुपासकट बसमध्ये चढली, पहिल्या सीटवर बसली. "चल रे तानाजी. मना नाक्यावर सोर."

तानाजी दिपेशकडं बघायला लागला. नवरीची आजी आणि अक्षतांचे तांदूळ, दोन्ही त्याच्या गाडीत.

घरातून कल्पिता आली. अंगावर हळदीची पिवळी साडी, हाताला ओली मेंदी. ती सरळ मांडवात शिरली. कोपऱ्यातल्या पाइपाशी गेली आणि झालरीची गाठ दातानं सोडायला लागली.

"कल्पे, काय करतंस?"

"नर्सिंगला रोज याच बसनी गेले ना पप्पा. धरा तिकडून."

दिपेशनं हातातलं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि पाइप धरला. मग काय, उतरलेले वॉचमन धावले, मासळीवाल्या धावल्या. मांडववाला शिव्या घालत होता, पण हातही लावत होता. बघता बघता मेढीवरचं चार खांबांचं छप्पर तेवढं उरलं. मोठी छत्री म्हणा.

तानाजीनं बस सुरू केली. सगुणाबय उतरली नाही. मेढीभोवती बस फिरली, मळणीचा बैल फिरावा तशी, सावकाश. धवलारीण ओट्यावर बसून लग्नाचे धवले म्हणत होती, तिनं गाण्यात बसचं नाव घातलं. बायकांनी बसच्या तोंडाला हळद फासली.

"काच सोडा वो," तानाजी म्हणाला. "दिसू द्या मला."

रात्रीची पंगत गल्लीत बसली. बस आली की पाव्हणे ताटं उचलून उभे राहायचे, बस वळून गेली की पुन्हा बसायचे. शिटी वाजवायला स्वतः दिपेश उभा होता.

लग्न लागलं, मेढ उपटून कुंपणाशी टेकवली. तिला पालवी फुटली, ती शेळीनं खाल्ली.

परवा मी खळ्यात उभा होतो. बस आली आणि मधली जागा सोडून मोठा वळसा घ्यायला लागली. दिपेश ओट्यावरून म्हणाला, "तानाजी, मेढ काढली रे. सरळ घे."

"ठावं हाय," तानाजी म्हणाला. "पन आता असंच वळतंय."

सगुणाबय शेंगांची पिशवी घेऊन चढली आणि बस गेली.