आत्याचा मान

धाकट्या भावाला लग्नानंतर बारा वर्षांनी मुलगी झाली. आम्हा लिंगायतांकडे बारशात बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि सख्खी आत्या मी एकटीच. मी नांदेडला राहते, तिथं भावाचा फोन आला, "अक्का, निलंग्याला ये. फक्त कपाळाला विभूती अन् गळ्यात लिंग असू दे. एका दिवसाचा प्रश्न हाय."

माझा बाप्तिस्मा होऊन सहा वर्षं झाली होती. मी म्हटलं, "नाव तोंडानं सांगायचंय, कपाळानं न्हाई."

"लोक काय म्हणतील?"

"सहा वर्षं म्हणतच आलेत की."

मी तशीच गेले. पाळण्याजवळ पोचायच्या आत काकूनं हाताला धरून मला पंगतीत नेऊन बसवलं. नाव चुलत बहिणीनं सांगितलं. मला ते स्पीकरवरून कळलं. येशूच्या मागे जायचं तर घरचं काही सुटतं, हे मी बाप्तिस्म्याआधीच ऐकलं होतं. त्यात हा मानही येईल, हे कुणी सांगितलं नव्हतं. फार लागलं. तरी मी पानावरून उठले नाही.

निघताना भाऊ चिडून म्हणाला, "बोटभर विभूती लावली असती तर काय झिजलं असतं तुझं?"

"झिजलं काही नसतं. तुझ्या देवाशी अन् माझ्या देवाशी, दोघांशी खोटं वागणं झालं असतं."

बाळासाठी शिवलेलं दुपटं मी त्याच्या हातात दिलं आणि सांगितलं, "वाढदिवसाला येणार हाय मी. बोलावलं न्हाईस तरी. अशीच."