पट्टी धरून खोडलेली ओळ

रविवारच्या वर्गात माझ्या शेजारी बसलेल्या सुनंदाताईंनी वहीतली एक ओळ सावकाश, पट्टी धरून खोडली. ताई चौदा वर्षं व्यसनमुक्ती केंद्रात काम करतात. आता केंद्राने समुपदेशनाची पदविका सक्तीची केली, म्हणून आठवडाभर ड्युटी करून सुट्टीच्या दिवशी पन्नाशीत विद्यापीठाच्या बाकावर बसतात. नापास झाल्या तर नोकरी जाईल.

प्रश्न होता, दारू सोडून पुन्हा प्यायलेला रुग्ण परत आला तर त्याच्याशी पहिलं काय बोलाल? ताईंनी लिहिलं होतं, 'जेवलास का, असं विचारीन.' सर म्हणाले, "छान आहे हो, पण पुस्तकात नाही. मार्क मिळणार नाहीत."

मी चौकात चळवळीची पत्रकं वाटणारी मुलगी, मला लगेच ओरडावंसं वाटतं. पण ती ओळ इतकी नीट खोडलेली पाहून मी आधी तीच पुन्हा वाचली. शरमेने मान खाली घालून दारात उभ्या राहिलेल्या माणसाला आधी जेवणाचं विचारायचं, हे ताईंना कुणी शिकवलं असेल? बहुधा त्या दारात आलेल्या माणसांनीच. विद्यापीठाने हे ताईंकडून शिकून घ्यायला हवं, तर उलट त्यांच्याच हातून खोडून घेतो आपण!

हे सरांना सुनावायला मी उठणार, तोच ताईंनी ओढणी धरून मला खाली बसवलं.

"गप बस गं बाई. तुझी क्रांती परीक्षेनंतर कर. मला पास व्हायचंय."