शेंदूर लावलेला केबलचा दगड

बिरड्याचे वाल अर्धेच सोललेत, बाकीचे पाण्यात तसेच आहेत. आमचे हे आत्ता जेवायला आले, पण ताटातलं अर्धं तसंच राहिलं.

यांचं, म्हणजे केसरीनाथांचं, काम म्हणजे जमिनीखालच्या फायबर केबलची राखण. अंजूरपासून मानकोलीपर्यंत रोज पायी फिरायचं, जेसीबी दिसला की आडवं उभं राहायचं. केबल कुठून जाते ते कळावं म्हणून नंबर घातलेले दगड पुरलेत. बँका, गोदामं, सगळ्यांचे फोन त्या बोटभर जाड दोरीवर. पर्यायी लाइन आहे, पण ती पुलाच्या कामात तुटली ती तुटलीच. गोदामं वाढली, जेसीबी वाढले, फिरणारा माणूस एकच. हल्ली लग्नाच्या पंगतीतसुद्धा यांचे कान बाहेरच्या घरघरीकडे असतात.

शेजारच्या राहीआजीने मागे त्यातल्या एका दगडाला शेंदूर लावला, नंबर त्याखाली झाकला गेला. हे हसले, "बरं झालं, देवाला कोन खोदतोय?" खरंच, तिथे कुणी फावडं मारलं नाही.

आज त्याच जागी गावातल्या दीपेशच्या गोदामाचा पाया खोदायचा होता. त्याने नारळ फोडला, देव उचलून वडाखाली नेऊन बसवला, मग जेसीबी लावला. हे धावत पोचले तोवर केबल तुटलेली. भिवंडीपर्यंत फोन बंद.

"काका, मान देऊनच हलवला. जेसीबीखाली ठेवायचा होता का?"

"अरे, तो देव न्हाय रं! केबलचा दगड हाय!"

"मग तुम्ही रोज येताजाता हात का जोडायचे?"



दुपारी केबल जोडली. सुपरवायझर स्वतः येऊन सांगून गेला, "संध्याकाळपर्यंत दगड जागेवर हवा, नंबर स्वच्छ दिसला पाहिजे. नाहीतर उद्यापासून दुसरा माणूस."

ताटावरून उठताना हे म्हणाले, "माझ्याच्यानं शेंदूर खरवडवत न्हाय. तू कर. तुझं न देवाचं बरं हाय."

"बरं आहे ते बिघडवू?" मी म्हटलं. हे हसलेसुद्धा नाहीत. भिंतीला टेकून तसेच बसले, पाय सुजलेले.

मी जाऊन राहीआजीलाच विचारलं. म्हातारी म्हणाली, "खरवड गो. देव काय शेंदरात बसलाय? केसरीनाथची ड्युटी गेली तं तुमच्या घरात दिवा कोन लावील?"

घरातल्या देवापाशी निरांजन लावून माफी मागितली. वाल राहू देत. आता नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात टर्पेंटाइन आणि तारेचा ब्रश आणायला जाते.